काडतूस कुणी भरलंय, कधी भरलंय? – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात शस्त्र परवान्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आणि मेसेज आले त्यातले निम्मेअधिक बंदुकीचे नाहीतच, काडतुसांचे आहेत. मी फौजेत आर्मरर होतो, बंदूक दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं, आणि खराब बंदुकीपेक्षा खराब काडतुसाने जास्त माणसं जखमी झालेली पाहिलीत, त्यामुळे यावेळी सगळी जागा काडतुसांनाच देतोय.

प्रश्न : सर, माझा मुलगा अमेरिकेत टेक्सासला असतो. दोन वर्षांपूर्वी त्याने तिथे एआर-१५ रायफल घेतली, शनिवारी रेंजवर जातो. आता म्हणतो गोळ्या महाग पडतात म्हणून गॅरेजमध्ये टेबल मांडून मीच काडतुसं भरतो, रिलोडिंग म्हणतात त्याला. व्हिडिओ कॉलवर दाखवलं, शिवणयंत्राएवढं लोखंडी दांड्याचं मशीन आहे. नात तीन वर्षांची आहे. दिवाळीला मी तिकडे जाणारे, सहा महिने राहणार. तो म्हणतो आई तू काळजी करू नको, पण मला झोप लागत नाही. हे कायद्यात बसतं का, आणि घरात स्फोट वगैरे होऊ शकतो का?
– एक आई, इंदिरानगर

उत्तर : ताई, कायद्याचं आधी सांगतो म्हणजे निम्मी काळजी जाईल. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्र सरकारचं लायसन लागत नाही, विकायची असतील तर लागतं. लाखो लोक तिथे हे करतात, गॅरेजमध्येच करतात. पण तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ होती की मुलाच्या धाकट्या भावालाही नाशकात हे शिकायचंय, तर त्याला आजच थांबवा. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. शिवाय मुलाकडे आहे तसली सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे एक बार झाला की पुढचं काडतूस आपोआप आत घेणारी रायफल आपल्याकडे सामान्य माणसाला मिळतच नाही, ती बंदी असलेल्या वर्गात येते. तेव्हा तिकडचं तिकडे.

आता स्फोटाचं. काडतुसात चार गोष्टी असतात बघा. पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेला प्रायमर ज्याला जुनी माणसं टोपी म्हणायची, आत पावडर म्हणजे दारू, आणि तोंडाशी गोळी. गोळी उडून गेली की पुंगळी उरते, ती पितळेची असल्यामुळे परत वापरता येते, आणि तेच तो करतोय, पुंगळी साफ करायची, साच्यात दाबून मूळ आकारात आणायची, नवा प्रायमर, मोजून पावडर, वर नवी गोळी. यातली आजची धूरविरहित पावडर उघड्यावर पेटली तर भसकन जळते, फुटत नाही. कोंडली की फुटते. म्हणून ती ज्या प्लास्टिकच्या डब्यात येते त्यातच ठेवायची, तो डबा मुद्दाम असा केलेला असतो की आग लागलीच तर लवकर फाटावा आणि आत दाब साठू नये. मुलगा हुशारी करून ती जाड लोखंडी पेटीत किंवा गच्च बसणाऱ्या तिजोरीत ठेवत असेल तर ते चूक आहे, सुरक्षित वाटतं पण त्याने आगीचा बॉम्ब होतो. तिथल्या अग्निसुरक्षेच्या संहितेत घरात मूळ डब्यात २० पाउंडापर्यंत पावडर आणि १०,००० पर्यंत प्रायमर अशी मर्यादा आहे. त्याच्याकडे याच्या दहावा हिस्साही नसेल, तरी गॅरेजमधल्या पाणी तापवायच्या गॅस हीटरपासून ते लांब आहे ना एवढं बघा.

प्रायमरचं मात्र मला जास्त सांगायचंय, कारण घरात लहान मूल आहे. प्रायमर म्हणजे साधारण साडेचार मिलिमीटरची चकचकीत धातूची वाटी, दिसायला एखाद्या मण्यासारखी. आपल्या लहानपणी दिवाळीत बंदुकीच्या टिकल्या फोडायचो ना, दगडाने ठेचायचो फरशीवर, त्याच जातीची पण त्याहून कितीतरी जोरदार चीज आहे ती, ठोका बसला की पेटते. कंपनी ती ट्रेमध्ये एकेक सुटी मांडून देते ते उगाच नाही. काचेच्या बरणीत मूठभर ओतून ठेवल्या आणि त्यातली एक पेटली तर सगळ्या एकदम जातात आणि बरणीच्या काचा अंगात घुसतात. तर ट्रेमधून ट्रेमध्ये, आणि कुलपात. जमिनीवर एखादी घरंगळली तर सापडेपर्यंत दुसरं काम नाही, आणि व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नाही. तीन वर्षांचं पोर चकचकीत दिसलं की तोंडात घालतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि जे दिसत नाही ते शिसं. बहुतेक प्रायमरच्या मसाल्यात शिसं असतं, ते बार झाल्यावर पुंगळीच्या आत काजळी होऊन बसतं. पुंगळ्या साफ करायच्या कोरड्या मशीनमध्ये मक्याच्या किंवा अक्रोडाच्या भुशात घोळवतात, त्या भुशाची धूळ उडते ती शिशाचीच धूळ म्हणायची. त्याला सांगा ओल्या पद्धतीने धू, पाणी, भांड्यांचा साबण आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड, आपण पितळेची भांडी लिंबाने-चिंचेने उजळतो तसंच आहे ते. अमोनिया असलेला कुठलाही क्लीनर नको, त्याने पितळेला बारीक तडे जातात. स्वयंपाकघरातली चाळणी, पातेलं, ओव्हन यातलं काही तिकडे जाता कामा नये. टेबलावर चहा-चिवडा नाही. काम झाल्यावर गार पाण्याने साबण लावून हात, मग कपडे बदलून पोरीला उचलायचं. हे तुम्ही आजी म्हणून ठासून सांगू शकता, सून सांगेल तर वाद होईल.

अजून एक, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. परत येताना मुलाची सॅक किंवा जॅकेट घेऊन येऊ नका. रेंजवर नेलेल्या बॅगेच्या कोपऱ्यात एखादं काडतूस राहिलेलं असतं आणि मुंबई एअरपोर्टवर स्कॅनरमध्ये ते दिसलं की मग तुम्ही आजी आहात वगैरे नंतर, आधी पोलीस ठाणं. रिकामी पुंगळी नातवंडांना किचेन करून आणणंसुद्धा नको.

प्रश्न : (वरचं उत्तर मी ताईंना आधीच पाठवलं होतं, त्यांनी ते मुलाला फॉरवर्ड केलं आणि त्याचाच मेसेज आला.) काका, आईला समजावल्याबद्दल थँक्स. मी पावडरचं वजन पुस्तकातल्याप्रमाणेच घेतो, मॅक्झिममच्या खूप खाली. पण तीन गोष्टी दिसल्या. एक, भरलेली गोळी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे) घेऊन न मारता बाहेर काढली तर प्रायमरवर बारीक खड्डा दिसतो. दोन, काही पुंगळ्यांवर बुडाच्या थोडं वर एक चकचकीत रेघ आलीय गोल. तीन, माझा एक मित्र बोल्ट ॲक्शनवाला आहे, म्हणजे दर बाराला हाताने दांडा ओढायची रायफल, तो फक्त पुंगळीची मान साइझ करतो, साच्यात दाबून मापात आणतो, म्हणतो पितळ जास्त टिकतं. मी पण तसं करू का?

उत्तर : बाळा, तू न मारलेली गोळी काढून तिचा प्रायमर बघतोस यावरून तुझ्या हाताला डोळे आहेत, बरं वाटलं. शेवटून सुरू करतो. मित्राचं त्याच्या रायफलपुरतं बरोबर आहे. बोल्ट ॲक्शनमध्ये काडतूस थोडं जाड-लांब असलं तर हाताला कळतं, दांडा अडकतो, माणूस थांबतो. सेमी-ऑटोला हात नसतो. बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा लोखंडी ठोकळा, स्प्रिंगच्या जोरावर येऊन आदळतो आणि काडतूस बसलं नाही तरी ते ठोकायचा प्रयत्न करतो. अर्धवट बंद बोल्टवर बार झाला तर आधाराविना पुंगळी फाटते आणि गॅस मॅगझिनमधून, तोंडाकडे, कुठेही येतो. .२२३ रेमिंग्टनचा कमाल दाब ५५,००० पीएसआय धरतात, तुझ्या कारच्या टायरमध्ये तीस-बत्तीस असतो, आता हिशेब कर. म्हणून सेमी-ऑटोसाठी दरवेळी पूर्ण लांबीची साइझिंग, फुल लेंग्थ, आणि भरून झालेलं प्रत्येक काडतूस केस गेजमध्ये, म्हणजे माप तपासायच्या साच्यात, टाकून बघायचं, स्वतःच्या वजनाने टपकन बसलं पाहिजे आणि उलटं केलं की निघालं पाहिजे. दहातलं एक नाही, प्रत्येक.

पण फुल लेंग्थ म्हणजे डाय, तो साचा, खाली दाबत सुटायचं असंही नाही, आणि तुझी चकचकीत रेघ तिथूनच आलीय असं मला वाटतं. पुंगळी मानेकडे निमुळती होते तो खांदा गरजेपेक्षा जास्त मागे ढकलला की बार होताना पुंगळीचा पुढचा भाग चेंबरला चिकटतो आणि बूड मागे सरकतं, मधलं पितळ ताणलं जातं, दरवेळी थोडं थोडं, नेमकं बुडाच्या वर. ती रेघ म्हणजे आतून भिंत पातळ झाल्याची खूण. पुढच्या एखाद्या वेळी तिथूनच पुंगळीचे दोन तुकडे होतात, बूड बाहेर येतं आणि उरलेली नळी चेंबरमध्ये अडकते, त्यामागून पुढचं काडतूस घुसायला बघतं. पेपरक्लिप सरळ कर, टोकाला जरासा आकडा वाकव, तो पुंगळीत घालून आतल्या भिंतीवरून बुडापासून वर ओढ. जिथे बाहेर रेघ आहे तिथे आत खाच लागली की ती पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात, जेणेकरून चुकून परत ट्रेमध्ये येणार नाही. त्याच बॅचच्या बाकीच्या पण तपास. तुझ्या रायफलमध्ये उडालेल्या पुंगळीच्या मोजमापापेक्षा खांदा तीन-चार हजारांश इंच मागे, साध्या कागदाच्या एका पानाची जाडी असते तेवढाच, पुरे. त्याला मोजायचा कम्पॅरेटर मिळतो, घे, पैसे वाचवायची ही जागा नाही. सेमी-ऑटो पितळेला वागवतेच धसमुसळी, मी असतो तर चार-पाच वेळा भरल्यावर पुंगळी टाकून दिली असती.

लांबी पण बघत जा. दर बारला पितळ पुढे वाहतं, मान लांबते. .२२३ ची पुंगळी जास्तीत जास्त १.७६० इंच, कापायची १.७५० ला. लांब राहिली तर मानेचं टोक चेंबरच्या पुढच्या घेरात चिमटलं जातं, गोळीला सुटायला जागा मिळत नाही आणि तेवढ्याच पावडरीत दाब कुठल्या कुठे जातो. तू म्हणशील पावडर तर मॅक्झिममच्या खाली आहे, हो आहे, पण ते मॅक्झिमम बरोबर मापाच्या पुंगळीसाठी असतं.

आता प्रायमरवरचा खड्डा. एआरच्या फायरिंग पिनला, म्हणजे प्रायमरला ठोकणाऱ्या सळईला, मागे ओढून धरणारी स्प्रिंग नसते, ती मोकळी असते, त्यामुळे बोल्ट आदळला की पिन आपल्याच वेगाने पुढे जाऊन प्रायमरला हलकी टेकते. आमच्या फौजेतल्या जुन्या एसएलआर रायफलला ती स्प्रिंग होती. बारीक ठिपका हा एआरचा स्वभाव आहे, घाबरायचं नाही, पण त्यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे प्रायमर कडक कवचाचा वापर, मिलिटरी पद्धतीचे मिळतात सेमी-ऑटोसाठी, सीसीआयचा ४१ नंबर त्यातलाच. दुसरी म्हणजे प्रायमर पुंगळीच्या बुडाच्या पातळीच्या आत बसला पाहिजे, तीन ते पाच हजारांश इंच. पातळीवर नाही, वर तर मुळीच नाही. वर राहिलेला प्रायमर म्हणजे बोल्टच्या तोंडाने पिनचं काम करणं, ट्रिगरला हात न लावता बार होतो, स्लॅम फायर. प्रत्येक पुंगळीच्या बुडावरून अंगठ्याचा पेर फिरव, वाटी आत गेलेली जाणवली पाहिजे, रोज केलं की बोटालाच कळतं. मिलिटरी पुंगळ्या असतील तर प्रायमरच्या खिशाला कडेने दाबून कॉलर केलेली असते ती आधी काढावी लागते, नाहीतर नवा प्रायमर तिरका बसतो किंवा वर राहतो. आणि एकच काडतूस चार-चारदा चेंबरमध्ये घ्यायचं नाही, दरवेळी तोच ठिपका खोल होतो, शिवाय गोळी चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर आपटून आत सरकू शकते आणि आतली जागा कमी झाली की दाब वाढतो. सेमी-ऑटोत मानेची पकड चांगली हवी ती यासाठी.

वजनाबद्दल तू पुस्तकाप्रमाणे म्हणालास. कुठल्या पानाप्रमाणे? काही पुस्तकांत बोल्ट ॲक्शनसाठी एक तक्ता आणि सेमी-ऑटो सर्व्हिस रायफलसाठी वेगळा असतो, कारण सेमी-ऑटो चालते नळीतून काढून घेतलेल्या गॅसवर आणि पावडर जास्त हळू जळणारी निघाली तर गोळी त्या भोकापाशी पोचते तेव्हा तिथे दाब जास्त उरतो, यंत्रणा दणके खाते. जुन्या एम-१ गॅरंड रायफलचे, गॅसच्या जोराने मागे-पुढे होणारे ऑपरेटिंग रॉड अशाने वाकलेले आहेत. इंटरनेटवर कुणीतरी टाकलेला आकडा हा आकडा नाही. पावडर बनवणाऱ्याचा किंवा गोळी बनवणाऱ्याचा छापील डेटा, तीच गोळी, तीच पावडर, आणि सुरुवात खालच्या आकड्यापासून.

आणि काटा. पावडर ग्रेनमध्ये मोजतात, तुला गंमत सांगतो, आपला तोळा बरोबर १८० ग्रेनचा, म्हणजे ९६ गुंजांच्या तोळ्यात एक गुंज झाली पावणेदोन ग्रेनच्या किंचित वर. सराफ बाजारात जुना सराफ सोनं तोलताना बघितलायस कधी? पंखा बंद करतो, काट्याला काचेची पेटी, आणि गिऱ्हाईकाशी बोलणंही थांबवतो. तू त्या गुंजेच्याही विसाव्या हिश्शापर्यंत जातोयस आणि गॅरेजमध्ये एसीचा झोत चालू, फोन खणखणतोय. झोत बंद, फोन घरात, काट्याला सुरुवातीला आणि दर वीस-पंचवीस काडतुसांनी वजन ठेवून तपास. टेबलावर एका वेळी एकच पावडर, एकच डबा, आणि उठताना मोजणीच्या नळीतली उरलेली त्याच डब्यात परत. नळीत काल कुठली होती ते आठवत नसेल तर ती डब्यात घालायची नाही, ती टाकून द्यायची. पावडर घातलेल्या सगळ्या पुंगळ्या ट्रेमध्ये उभ्या असताना वरून टॉर्च मारून आत बघ, सगळ्यांत पातळी सारखी दिसली पाहिजे. एक रिकामी राहिली तर काय होतं ते मी पाहिलंय.

रेंजवर होतो, नाव-गाव नको. फायरिंग चालू होतं, धाड धाड आवाजात एक बार नुसताच फट् असा झाला, एखाद्याने टाळी वाजवावी तसा. पोरगा वीसेक वर्षांचा, त्याला वाटलं गोळी अडकली, शिकवलेलंच केलं त्याने, हँडल ओढलं, नवं काडतूस आत घेतलं आणि बोट ट्रिगरकडे. मी मागे सहा पावलांवर होतो, ओरडून थांबवलं, हातातून रायफल घेतली, खाली केली आणि नळीत वरून गज घातला. गज वीत-दीड वीत गेला आणि ठक्कन थांबला. गोळी नळीत मध्येच बसलेली होती. पितळी गजाने ठोकून ती बाहेर काढली, तिच्या अंगावर नळीचे तिरपे ओरखडे स्वच्छ उमटलेले, टोक जसंच्या तसं, आणि त्या पोराने ती हातात घेतली तेव्हा त्याचा हात इतका थरथरत होता की ती पडली खाली. दुसरा बार झाला असता तर नळी फाटली असती, शेजारच्या दोघांसकट. सेमी-ऑटोत अशा फुसक्या बाराला यंत्रणा आपोआप चालत नाही आणि माणूस नेमका तेव्हाच हाताने ओढतो, हा सापळा आहे. आवाज हलका, धक्का हलका, किंवा स्वतःहून पुढचं काडतूस आलं नाही, की मॅगझिन काढ, चेंबर रिकामं कर, नळीतून आरपार उजेड दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि ट्रिगर दाबून काहीच झालं नाही तर नळी लक्ष्याकडे ठेवून तीस सेकंद थांब, प्रायमर उशिरा पेटू शकतो.

चष्मा लावतोस ना, भरताना पण? तू पाठवलेल्या फोटोत नव्हता.

प्रश्न : मी दहावीत आहे, ५० मीटर .२२ रायफलची तयारी करते. मॅचच्या गोळ्या खूप महाग आहेत. या पुंगळ्या परत भरता येत नाहीत का?
– एक नेमबाज, गंगापूर रोड

उत्तर : नाही बेटा. .२२ रिमफायर आहे, म्हणजे तिला वेगळा प्रायमर नसतो, मसाला बुडाच्या कडेच्या घडीतच भरलेला असतो आणि पिनने ती कड चेपली की पुंगळी कायमची वाया. कुणी भरून देतो म्हणाला तर त्याच्यापासून लांब राहा आणि कोचला सांग. पैसे वाचवायचे तर घरी रिकाम्या रायफलने सराव कर, बार न करता, श्वास, ट्रिगर, नेम धरून राहणं, यातलं सगळं गोळीशिवाय होतं. पण .२२ ची पिन रिकाम्या चेंबरच्या कडेवर आपटून ती कड खराब होऊ शकते, तेव्हा तुझ्या रायफलला ड्राय फायरची सोय आहे का ते आधी बघून घे. १० मीटरची एअर रायफल पण असेल तर तिच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख बघ, स्पर्धेत दहा वर्षांच्या वरचा चालत नाही आणि २०० बारचा दाब असलेला जुना सिलिंडर घरात बाळगायचाही नाही.

प्रश्न : पंचवटीतला आमचा जुना वाडा पाडायचाय. माळ्यावर पणजोबांची पेटी निघाली, त्यात पितळी काडतुसं पस्तीस-चाळीस, एक गंजलेला डबा ज्यात बहुतेक दारू आहे, छर्रे, आणि लाकडी मुठीचं काडतूस भरायचं हत्यार. पणजोबा शिकारी होते म्हणे. बंदूक नाहीये. पितळ भांडी बाजारात घालावं म्हणतोय आणि हत्यार शोकेसमध्ये ठेवावं, चालेल ना?

उत्तर : दादा, पेटीचं झाकण आहे तसं लावा आणि हात काढून घ्या. खालच्या खोलीत पण आणू नका. डब्यातली दारू त्या काळची काळी दारू असेल तर सोरा, कोळसा, गंधक यांचं मिश्रण आहे ते, कोरडं राहिलं तर शंभर वर्षांनीही पहिल्या दिवसासारखंच पेटतं. गंजलेलं झाकण स्क्रूड्रायव्हरने उचकटताना ठिणगी पडली की संपलं. आणि धूरविरहित असेल तर ती म्हातारी होऊन आंबते, झोंबणारा आंबट वास येतो, तांबूस धूर दिसतो, आपोआप तापते. दोन्हीतली कुठली ते वास घेऊन ठरवायच्या भानगडीत तुम्ही पडायचं नाही. गोदेत किंवा गटारात ओतायचा विचार कुणी सुचवेल, तेही नाही.

पितळ बघून मोह होतो, मला कळतं. पण भरलेलं काडतूस तांबटाच्या भट्टीत गेलं तर काय होईल ते त्याला आधी कोण सांगणार? रिकामी पुंगळी सुद्धा त्या काळच्या प्रायमरमुळे ठिसूळ झालेली असू शकते, त्यात पारा असायचा. आणि वाड्यात खाली गोठा होता का हो? विचारतोय कारण इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात काडतुसं तबेल्यात ठेवत आणि पाऊस सरल्यावर बघावं तर पितळेला तडे, नेमके जिथे गोळीभोवती आवळलेलं असतं तिथे. १९२१ साली धातुशास्त्रज्ञांनी उलगडा केला, घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळेत दाबून राहिलेला ताण. भांड्याला ठोकून ठोकून कडक झालेलं पितळ तांबट तापवून नरम करतो ना, तो ताण काढायलाच. तुमच्या माळ्यावरच्या काडतुसांना असले तडे असणार अशी मला दाट शंका आहे.

करायचं काय, तर आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात आजच लेखी कळवा, जुन्या वाड्यात सापडलं, कुठे ठेवलंय, कुणी हात लावला. त्यांना वाटलं तर ते बॉम्बशोधक पथकाला बोलावतात. पेटी स्कूटरवर घालून ठाण्यात घेऊन जाऊ नका, ते येतील. परवानाधारक माणूस गेल्यावर शस्त्र आणि दारूगोळा विनाविलंब जमा करायचा असतो, कलम २१, तुमच्या पणजोबांच्या वेळी राहून गेलं ते आता होतंय, स्वतःहून कळवणाऱ्याचं म्हणणं ऐकून घेतात. लाकडी मुठीच्या हत्याराचंही त्यांनाच विचारा, मनाने शोकेसमध्ये नको. मला पंचनाम्यानंतर त्याचा फोटो मात्र जरूर पाठवा.

यालाच जोडून देवळालीकडच्या दोघांनी विचारलंय की तोफखान्याच्या रेंजलगतच्या रानात पितळ, तुकडे सापडतात ते विकावेत का. नाही. न फुटलेला गोळा आणि भंगाराचा तुकडा बाहेरून सारखाच दिसतो. हात न लावता आल्या वाटेने मागे या आणि ११२ ला फोन करा.

प्रश्न : राम राम. आमची निफाडला द्राक्षबाग आहे, पीक संरक्षणाचा परवाना आहे वडिलांच्या वेळेपासून, बारा बोरची दुनळी. रानडुकरांसाठी क्वचित हवेत बार काढतो. यंदा अवकाळीत शेडमध्ये पाणी शिरलं, काडतुसांचं खोकं भिजलं. आमच्याकडे उन्हात वाळवून वापरायची पद्धत आहे. वीस-बावीस नग आहेत, टाकवत नाहीत.

उत्तर : राम राम. पाटील, बेदाणा वाळवतात, काडतूस नाही. ओल आत गेली की पावडर कुठे कोरडी कुठे गोळा झालेली राहते, वरून कितीही टणक वाटो. मग बार अर्धाच होतो, छर्रे भस्सकन पुढे पडतात आणि आतला डाट नळीत अडकून राहतो. संध्याकाळची वेळ, डुकरं उसात, तुम्ही घाईत दुसरा बार त्याच नळीत भरता आणि नळी डाव्या हाताखालीच फाटते, कारण डावा हात तिथेच असतो. शिवाय कडक उन्हात पत्र्यावर ठेवलेली पावडर लवकर म्हातारी होते ते वेगळंच. जुन्या कागदी पुंगळ्या असतील तर फुगून त्या नीट चेंबरमध्ये बसणारही नाहीत. फोडून आतली दारू काढून दुसरीत भरायचं तर मनातही आणू नका, वर त्या मुलाला जे सगळं सांगितलं ते मशीन, काटा, छापील तक्ता हाताशी असलेल्या माणसाला सांगितलंय, आणि परवान्याची गोष्ट तर वेगळीच. ते बावीस नग ज्या परवानाधारक दुकानातून घेतले तिथे किंवा पोलीस ठाण्यात लेखी देऊन जमा करा आणि रजिस्टरवर नोंद करून घ्या, म्हणजे नवी घेताना हिशेब जुळतो.

शेजारच्या कुणाची वीस बोर आहे का? असेल तर दोघांची काडतुसं एका खोक्यात, एका खिशात कधी येऊ देऊ नका. वीस बोरचं काडतूस बारा बोरच्या नळीत घसरून आत जातं आणि पुढे अडकतं, चेंबर वरून रिकामं दिसतं, त्यामागे बारा बोरचं बसतं आणि मग दोन्ही एकदम. म्हणूनच वीस बोर हल्ली पिवळ्या रंगात येतात. बिबट्याची भीती असली तरी त्याच्यावर बार काढायचा नाही, वनखात्याला कळवा, कायद्याने तो सगळ्यात वरच्या संरक्षणात आहे.

आणि दुनळी बाहेर काढाल तेव्हा आधी बिजागरीवर उघडून, काडतूस न घालता, दोन्ही नळ्या आभाळाकडे धरून मागून आरपार बघा. शेडमध्ये टांगलेल्या बंदुकीत कुंभारीण माशी मातीचं घर करते, द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत तर हमखास.